चोर आला आणि कुलपे बंद झाली

वर्गात गटकार्य दिले की एक गोष्ट हमखास दिसते. पाच जणांच्या गटात दोघे सगळे काम उरकतात, एक जण वहीत लिहून घेतो आणि उरलेले दोघे खिडकीबाहेर बघत बसतात. या दोघांना काही येत नसते असे नाही, त्यांना करण्यासारखे काही उरलेलेच नसते. मग आपण कामे वाटून देतो. तू मोजायचे, तू आकृती काढायची, तू सगळ्यांपुढे सांगायचे. पण वाटणीतही पंचाईत होतेच. एखादे काम इतके मोठे निघते की बाकीचे प्रेक्षक होतात, एखादे इतके किरकोळ की ते वाट्याला आलेला मुलगा हिरमुसतो.

हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे एका खेळाच्या रचनाकारांना छळतो आहे. त्यांनी त्यावर केलेले प्रयोग, जमलेले आणि फसलेले, छापील नियमांच्या रूपाने शिल्लक आहेत. आकड्यांसकट शिल्लक आहेत. त्यामुळे कोणी काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले, हे आपल्याला आज तपासता येते.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण खेळ चालवतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. तो सांगतो, "तुमच्यासमोर दगडी दार आहे. पलीकडून पाण्याचा आवाज येतो आहे." बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे एकाच टोळीतले. एक खेळ एका बैठकीत संपत नाही, तीच पात्रे घेऊन मंडळी महिनोन्‌महिने खेळतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

प्रत्येक पात्र कोणत्या तरी प्रकारात मोडते: योद्धा, जादूगार, धर्मगुरू, चोर वगैरे. खेळाडू याला क्लास म्हणतात. शाळेतल्या वर्गाशी गोंधळ नको म्हणून आपण पात्रवर्ग म्हणू. पात्रवर्ग ठरला की पात्राला काय येते, काय येत नाही, किती घाव सोसतात, हे सगळे ठरते. पुस्तकातले पात्रवर्ग अपुरे वाटले की खेळाडू स्वतः नवीन बनवतात. या घरगुती पात्रवर्गांची परंपरा खेळाइतकीच जुनी आहे. किंबहुना, आज जे अधिकृत म्हणून छापले जातात त्यांतले निम्मे तरी कोणाच्या तरी टेबलावर घरगुती म्हणूनच जन्मले.

बुद्धिबळाकडून फाशाकडे

निरनिराळ्या सोंगट्यांना निरनिराळे बळ देण्याची कल्पना नवी नाही. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडा, रथ आणि प्यादे होतेच. बुद्धिबळात वजीर प्याद्याच्या नऊपट मोलाचा धरतात, पण त्याने कोणावर अन्याय होत नाही. दोन्ही बाजूंना तेच सैन्य असते आणि सगळी सोंगटी एकाच माणसाच्या हातात असतात. प्यादे कंटाळत नाही.

१७८० साली ब्राउन्श्वाइगमध्ये गणित शिकवणाऱ्या योहान हेल्विगने बुद्धिबळाचा पट वाढवून दीड हजारांहून अधिक घरांचा युद्धखेळ बनवला. पुढे प्रशियात राइसवित्स पितापुत्रांनी घरे काढून टाकली आणि नकाशा आणला. मुलाने १८२४ साली छापलेल्या नियमांत फासे होते. कोणत्या अंतरावरून कोणत्या शस्त्राने किती नुकसान होते याची कोष्टके होती, आणि निर्णय देणारा एक पंच होता. हा खेळ प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला गेला. तिथून युद्धखेळाची परंपरा अमेरिकेत गेली. चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचे 'स्ट्रॅटेगॉस' हे पुस्तक १८८० साली निघाले. त्यात पंचाला फार मोठा अधिकार दिलेला होता. खेळाडूने काहीही करायचे म्हटले तरी पंचाने त्याचा निकाल द्यायचा.

हे पुस्तक १९६०च्या दशकात मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागले. त्याने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. सेनापतींखेरीज आलेल्या जादा मंडळींना त्याने गावातल्या भूमिका वाटल्या, कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलपती. हे लोक सैन्यांची वाट न पाहता आपापसात कारस्थाने करू लागले आणि ठरलेली लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला वाटले, खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. एका माणसाने एकच सोंगटी व्हायचे, ही कल्पना इथे रुजली. आणि त्याच क्षणी बुद्धिबळात नसलेला प्रश्न उभा राहिला, कारण आता प्यादे कंटाळू शकत होते.

रक्तपिपासूवर उतारा

वेस्लीच्या गटातल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ साली 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात असाच खेळ सुरू केला. राक्षस, भुयारे, जादू हे सगळे त्यात होते. त्याच्या टेबलावर एक खेळाडू रक्त पिणाऱ्या व्हँपायरचे पात्र चालवत होता. ते पात्र वाढत वाढत इतके बलाढ्य झाले की बाकीच्यांना त्याच्यापुढे काही करता येईना. उपाय म्हणून दुसऱ्या खेळाडूसाठी व्हँपायर मारण्यात वाकबगार असे पात्र बनवले गेले. हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंगने रंगवलेला व्हॅन हेल्सिंग हा त्याचा नमुना होता. हाच पुढे धर्मगुरू झाला. प्रेतात्म्यांना पळवून लावण्याची त्याची शक्ती आजच्या पुस्तकांतही आहे.

म्हणजे या खेळातल्या पहिल्या तीन पात्रवर्गांपैकी एक तर थेट तोल सांभाळण्यासाठीच बनवला गेला. उपाय कोणत्या जातीचा होता तेही पाहण्यासारखे आहे. जास्त झालेले बळ कमी केले नाही, त्याच्यावर दुसरे बळ उभे केले. ज्या टेबलावर व्हँपायर नाही तिथे या औषधाचे काय करायचे? म्हणून धर्मगुरूला जखमा भरण्याचे आणि बऱ्यापैकी लढण्याचे कामही देण्यात आले. पात्रवर्ग अशा डागडुजीतूनच आकाराला येत गेले.

१९७२च्या अखेरीस आर्नेसनने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्सला हा खेळ दाखवला. गायगॅक्सने आधीच मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' हे नियम १९७१ साली प्रसिद्ध केलेले होते. दोघांच्या कामातून जानेवारी १९७४मध्ये एका खोक्यातल्या तीन पुस्तिका बाहेर पडल्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती आणि किंमत दहा डॉलर. जाता जाता शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगायला हवी. खेळाला लागणारे चार, आठ, बारा आणि वीस पैलूंचे फासे बाजारात मिळत नव्हते. शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडून ते मागवले जात. घन आकृत्या शिकवायला केलेल्या त्या सोंगट्या अशा तऱ्हेने भुयारात जाऊन पोचल्या.

मंद गती, कच्चे बालपण

त्या खोक्यात तीनच पात्रवर्ग होते: योद्धा, जादूगार, धर्मगुरू. तोल राखण्याची पहिली युक्ती वेगाची. राक्षस मारून आणि खजिना मिळवून अनुभवगुण मिळतात, ते पुरेसे साठले की पात्र वरच्या पातळीला जाते. दुसरी पातळी गाठायला धर्मगुरूला १,५०० गुण लागत, योद्ध्याला २,००० आणि जादूगाराला २,५००. ज्याचे बळ अधिक त्याची वाट लांब.

युक्ती दिसायला चोख आहे. पण सुरुवातीच्या पातळ्यांत लागणारे गुण दर पातळीला दुप्पट होतात, आणि दुपटीच्या श्रेढीची गंमत आपण मुलांना शिकवतोच. जिथे प्रत्येक पायरी दुपटीची असते तिथे दुप्पट गुण लागणारा माणूस कितीही पुढे गेला तरी एकच पायरी मागे राहतो. वर्षभरात चोर हा चौथा वर्ग आला, त्याला दुसऱ्या पातळीसाठी १,२०० गुण पुरत. २,५०० गुण मिळाले तेव्हा चोर तिसऱ्या पातळीवर, जादूगार दुसऱ्या. ५,००० झाले तेव्हा चोर चौथ्या, जादूगार तिसऱ्या. म्हणजे दुपटीहून मोठा वाटणारा दंड प्रत्यक्षात एका पायरीचा होता.

त्या बदल्यात काय मिळत होते? २०,००० गुणांना योद्धा आणि जादूगार दोघेही पाचव्या पातळीवर असत. १९७४च्या नियमांत कोणतेही हत्यार १ ते ६ इजा करी, म्हणजे सरासरी साडेतीन. योद्ध्याचे निम्मे वार लागले असे धरले तर दर फेरीला पावणेदोन. पाचव्या पातळीच्या जादूगाराला अग्निगोल फेकता येई. पाच फासे, सरासरी साडेसतरा, आणि तेही टप्प्यात येणाऱ्या प्रत्येकाला. दहा शत्रू घोळक्याने उभे असतील तर बेरीज १७५. योद्ध्याला तेवढी इजा करायला शंभर फेऱ्या हव्यात! हा हिशेब कागदावरचा आहे. काही शत्रू निम्म्या इजेवर सुटत, शिवाय असा गोल दिवसातून एकदाच. तरीही योद्ध्याच्या जागी बसलेल्याला काय वाटत असेल याची कल्पना येते.

याच्या उलट टोक सुरुवातीला. १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत योद्ध्याचे प्राणांक, म्हणजे किती इजा सोसेल तो आकडा, आठ पैलूंच्या फाशाने ठरू लागले आणि जादूगाराचे चार पैलूंच्या. १ ते ६ इजा करणाऱ्या हत्याराचा एकच वार लागला तर नवखे पात्र कोसळण्याची शक्यता किती? जादूगारासाठी चार आणि सहा मिळून २४ जोड्या, त्यांपैकी १८ जीवघेण्या, म्हणजे ७५ टक्के. योद्ध्यासाठी ४८ पैकी २१, म्हणजे जेमतेम ४४ टक्के. दहावीच्या मुलांना हा तक्ता स्वतः मांडायला द्यावा, पाच मिनिटांत होतो.

म्हणजे जादूगाराने आधी सोसायचे आणि नंतर गाजवायचे, योद्ध्याने आधी गाजवायचे आणि नंतर बघत बसायचे. सगळ्या कारकिर्दीची सरासरी काढली तर तोल दिसतो. पण सरासरी कोणी खेळत नाही. माणूस शनिवारची एक संध्याकाळ खेळतो. पहिल्या भुयारात मेलेल्या जादूगाराला पाचव्या पातळीची भरपाई कधीच मिळत नाही.

चोपन्नात एक

दुसरी युक्ती दुर्मीळपणाची. ग्रेहॉकमध्ये पॅलाडिन हा धर्मयोद्धा आला. हाताच्या स्पर्शाने जखमा भरणारा, रोग न होणारा आणि वर योद्ध्याचे सगळे गुण असणारा. असा वर्ग उपलब्ध असताना साधा योद्धा कोण घेईल? म्हणून अट घातली की तीन फाशांच्या बेरजेने ठरणारा 'करिष्मा' हा गुण १७ किंवा १८ असला पाहिजे. २१६ पैकी चारच जोड्या तशा आहेत, म्हणजे चोपन्नात एक.

आपल्याकडे मुले चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळतात. राजाच्या चिठ्ठीला सगळ्यांत जास्त गुण, चोराला शून्य. ही उघड विषमता आहे, पण कोणी तक्रार करत नाही, कारण दर डावाला चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या जातात. पॅलाडिनची चिठ्ठी एकदाच उघडते आणि पुढे वर्षभर तीच चालते. ज्याचा फासा चांगला पडला तो प्रत्येक संध्याकाळी राजा, शेजारी बसलेला प्रत्येक संध्याकाळी शिपाई. चोपन्नात एक हे गणित वर्ग किती टेबलांवर दिसेल ते सांगते. जिथे तो दिसला त्या टेबलावर काय होईल, हे सांगत नाही. आमच्या मते या खेळाच्या रचनेतली ही सर्वांत मोठी गल्लत होती. ती पंचवीस वर्षे टिकली.

तिसरी युक्ती मनाईची. जादूगाराने चिलखत घालायचे नाही. धर्मगुरूने धारेचे शस्त्र वापरायचे नाही. यातली दुसरी मनाई वरवर निरर्थक वाटते. सगळी हत्यारे सारखीच इजा करत असतील तर तलवार काय आणि गदा काय? पण १९७४च्या खजिन्याच्या कोष्टकांत जादूच्या तलवारींना मानाचे स्थान होते आणि त्या धर्मगुरूच्या हाती लागणार नव्हत्या. म्हणजे मनाईचे वजन दुसऱ्याच पानावर ठरत होते. घरगुती वर्ग बनवणारे नवखे लोक इथे हमखास चुकतात. पुस्तकातली मनाई उचलतात, पण ती ज्या पानामुळे जड झाली ते पान त्यांच्या टेबलावर नसते.

पॅलाडिनवरही मनाया होत्या: सन्मार्गाने वागायचे, धन साठवायचे नाही. १९७८च्या पुस्तकात तर सत्प्रवृत्त पात्रांखेरीज कोणाची कायमची संगत करायची नाही असेही आले. आता ही शिक्षा कोणाला? चोराची भूमिका घेऊन बसलेल्या शेजाऱ्याला! पॅलाडिनच्या बळाचा दंड दुसऱ्यानेच भरायचा.

चोराचे येणे

आता चोराकडे वळू. आमच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत बोधप्रद प्रसंग हा आहे.

१९७४ सालीच कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या 'एरो हॉबीज' या दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी चोर हा वर्ग स्वतः तयार केला. दुकानदाराने फोनवर ती कल्पना गायगॅक्सला सांगितली. गायगॅक्सने आपल्या पद्धतीने नियम लिहिले आणि त्याच वर्षी जूनमध्ये खेळाडूंच्या एका छोट्या वार्तापत्रात छापले. पुढच्या वर्षी ते ग्रेहॉकमध्ये आले. पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा निकामी करण्याची १०, आवाज न करता चालण्याची २०, सावलीत लपण्याची १० टक्के.

आकडे केविलवाणे आहेत. पहारेकऱ्यासमोरून लपतछपत आणि निःशब्द जायचे तर दोन्ही साधायला हवे. दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला तर २ टक्के, म्हणजे पन्नासात एकदा. तेव्हा बलाढ्यपणाचा आरोप चोरावर कोणी करू शकत नाही. लढाईत दुबळा, प्राणांक जादूगाराइतकेच. आकड्यांच्या तराजूत हा वर्ग कोणालाच जड नव्हता.

तरी त्याने खेळ बदलला, आणि तो असा. चोर येण्यापूर्वी सापळा शोधायचा तर खेळाडू बोलत असे. "मी काठीने फरशी दाबून बघतो." "मी दारावर पाणी ओतून फट कुठे आहे ते पाहतो." सूत्रधार विचार करून निकाल देई. हे कोणीही करू शकत होता, योद्धा, धर्मगुरू, कोणीही. टॉटनच्या पंचापासून चालत आलेली ही रीत होती. चोराच्या कोष्टकात 'सापळा निकामी करणे, १० टक्के' असे छापले गेले आणि बाकीच्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की हे काम आपले नाही. जे कौशल्य काल सगळ्यांचे होते ते आज एकाचे झाले, आणि त्या एकालाही ते दहातून एकदाच जमू लागले. चोर आला आणि इतरांसाठी कुलपे बंद झाली.

नियमात तसे कुठे म्हटले नव्हते, असे चोराच्या बाजूने म्हणता येईल आणि ते खरे आहे. पण एका मुलाला 'वर्गाचा चित्रकार' म्हणून नेमले की बाकीची मुले चित्र काढणे सोडतात, त्यांना कोणी मनाई केलेली नसते. नव्या पात्रवर्गाचे बळ मोजणे सोपे आहे. त्याने शेजाऱ्याच्या ताटातले काय उचलले, हे कोष्टकात दिसत नाही.

वाचकांचे कारखाने

१९७५पासून घरगुती वर्गांचा पूर आला. गायगॅक्सच्या कंपनीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या छोट्या नियतकालिकात वाचकांची रचना छापली जाई. जो फिशरचा रेंजर, म्हणजे रानावनातला वाटाड्या, १९७५च्या उन्हाळ्यात आला. पीटर एरनसनचा नजरबंदी करणारा जादूगार त्याच वर्षाच्या हिवाळ्यात आणि डग श्वेगमनचा भाट फेब्रुवारी १९७६मध्ये. १९७८च्या अधिकृत 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये हे तिघेही आहेत. याच सुमारास कॅलिफोर्नियात ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे मासिक सुरू केले होते. त्यात खेळाडू आपापली पाने छापून पाठवत, ती एकत्र बांधली जात आणि पुढच्या अंकात एकमेकांच्या नियमांची चिरफाड होई. विज्ञानाच्या नियतकालिकांत शोधनिबंधांची होते तशीच.

फिशरचा रेंजर पाहण्यासारखा आहे, कारण त्याने बळ बांधून ठेवण्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या एकाच वर्गात वापरल्या. पहिल्याच पातळीला दोन फाशांचे प्राणांक, राक्षसी जातींविरुद्ध जादा इजा, मागावर राहण्याची हातोटी. त्याला बांध असे: जवळ बाळगता येईल तेवढेच सामान, जादा धन दान करायचे, आठव्या पातळीपर्यंत नोकर ठेवायचे नाहीत, दोनांहून अधिक रेंजरांनी एकत्र काम करायचे नाही. वर बुद्धी, शहाणपण आणि काटकपणा यांच्या किमान अटी.

काही जणांनी पात्रवर्गच नकोत अशी भूमिका घेतली. १९७८च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये वर्ग नव्हते, १९८१च्या 'चॅम्पियन्स'मध्ये ठरावीक गुणांच्या रकमेतून शक्ती विकत घ्यायच्या होत्या. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सूत्रधार-पुस्तकानेही एक तक्ता दिला. हवे ते गुण निवडा, प्रत्येकाचा आकडा मिळवा, त्यावरून नव्या वर्गाला पातळी चढायला किती अनुभवगुण लागतील ते काढा. बेरजेने तोल साधण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. अडचण अशी की पात्राचे गुण बेरजेने वागत नाहीत. लपणे आणि निःशब्द चालणे यांचा गुणाकार होतो हे आपण पाहिलेच. निम्मी-निम्मी किंमत देऊन घेतलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की कधी काहीच मिळत नाही, कधी चौपट मिळते.

रेंजरची पन्नास वर्षे

२००० साली तिसरी आवृत्ती आली. सगळ्या वर्गांना अनुभवगुणांचे एकच कोष्टक मिळाले, फाशाने ठरणारे प्रवेशाचे अडथळे गेले. वेग आणि दुर्मीळपणा या दोन्ही जुन्या युक्त्या एकदम निकालात निघाल्या. आता जो काही तोल राखायचा तो वर्गाच्या पोटातच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या खुल्या परवान्यामुळे कोणालाही या नियमांवर आधारलेले पात्रवर्ग छापून विकता येऊ लागले आणि घरगुती कारखाने दुकानात गेले.

नव्या व्यवस्थेत एका पात्राला दोन-तीन वर्गांतल्या पातळ्या मिसळता येत. रेंजरला दोन हातांनी लढण्याची कला पहिल्याच पातळीला फुकट मिळे. झाले, खेळाडूंनी एक पातळी रेंजरची घ्यायची आणि रानाला रामराम ठोकून दुसरीकडे जायचे! २००३च्या सुधारित आवृत्तीत ते गुण पुढच्या पातळ्यांवर पसरवून दिले गेले.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी दोन वर्षे मसुदे लोकांना खुले होते आणि लाखाहून अधिक खेळाडूंनी ते तपासले. तरीही रेंजरविषयीची कुरकुर थांबली नाही. जनावर बाळगणाऱ्या रेंजरला स्वतःचा वार सोडून जनावराला हल्ला करायला सांगावे लागे, म्हणजे सोबती असूनही हात एकच. ही झाली आकड्यांची तक्रार. दुसरी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. या रेंजरला आपल्या आवडत्या प्रदेशात, समजा जंगलात, वाट चुकत नसे. बिकट जमीन त्याच्या टोळीला अडवत नसे आणि अन्न दुप्पट मिळे. मग जंगलात घडणार काय? वाट चुकणे, अडणे, उपाशी राहणे हेच तर जंगलाचे खेळ. ज्याला रानातले सर्वांत जास्त कळते तो आला की रानच नाहीसे होई. चोराने शेजाऱ्यांचे काम घेतले होते, या रेंजरने तर स्वतःचेही घालवले.

याच काळात कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतला एक वर्गही पाहण्याजोगा आहे. मनःशक्ती वापरणाऱ्या 'मिस्टिक'चा पहिला मसुदा २०१५ साली चाचणीसाठी खुला झाला, पूर्ण मसुदा २०१७मध्ये. त्याच्या शाखा पाहिल्या तर कोणी लढणारा, कोणी इतरांना बळ देणारा, कोणी क्षणात दूर पोचणारा. प्रत्येकाच्या ताटातला एकेक घास त्यात होता. तो अधिकृत पुस्तकात कधीच आला नाही, २०२०मध्ये त्याच्या काही शक्ती जुन्या वर्गांना वाटून दिल्या गेल्या. २०१४च्या बारा वर्गांत पुढच्या दहा वर्षांत कंपनीने भर घातली ती एकाच वर्गाची. तो होता यंत्रे आणि जादूच्या वस्तू घडवणारा 'आर्टिफिसर', २०१९चा.

रेंजरची दुरुस्ती चालूच राहिली. २०१६मध्ये सुधारित मसुदा निघाला. २०२०मध्ये ऐच्छिक बदल छापले गेले, त्यात जनावराला हुकूम देणे सोपे झाले आणि आवडत्या प्रदेशाऐवजी दुसरे गुण घेता येऊ लागले. २०२४च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तो पुन्हा लिहिला गेला. आवडता प्रदेश त्यातून गेला, शिकारीवर खूण ठेवून पाठलाग करण्याची जादू मध्यभागी आली. ती खूण टिकवायला जे लक्ष लागते, तेच रेंजरच्या इतर कित्येक जादूंना लागते. एका वेळी एकच साधते, आणि पुस्तक निघाल्यापासून खेळाडूंचा वाद त्यावर चालू आहे.